सेवासदनाच्या पहिल्या परिचारिका

मागील महिन्यांत आमच्या वारज्यांतील एक गृहस्थ मजकडे आले होते. कारखान्यांतून त्यांस कमी करण्यांत आलें होतें. वय चाळिशीच्या पुढें. रुग्णपरिचर्येचा एखादा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम करावा असें मनांत होतें. परंतु 'या वयांत रोग्यांचीं भांडीं उचलूं लागलों तर लोक काय म्हणतील?' ही धास्ती. मीं त्यांना जी जुनी हकीकत सांगितली, तीच आज आपणांपुढें ठेवतों.

वारज्याच्या शेजारीं हिंगणें बुद्रुक आहे; आज त्यास कर्वेनगर म्हणतात. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं काढलेला विधवांचा आश्रम १९०० सालीं येथील माळावरच्या एका झोपडींत आला. त्या काळीं पति वारला म्हणजे स्त्रीचें घरांतील स्थान जाई. काम मात्र जात नसे! स्वयंपाक, धुणें, दुसऱ्यांच्या मुलांची उस्तवार, हें सारें पोटापुरत्या अन्नावर. चाकरींतून निघालेल्या पुरुषास दुसरें दार ठोठावतां येतें. हिला दुसरें दारच नव्हतें. आश्रमानें शिक्षणाचें दार उघडलें. पण शिकलेल्या प्रत्येकीलाच कांहीं मास्तरीण होतां येत नाहीं. जन्मभर मास्तरकी केल्यामुळें हें म्हणण्याचा मला थोडा अधिकार आहे.

दुसरी वाट पुण्याच्या सेवासदनानें दाखविली. ही संस्था रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं, भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्यानें उभी केली. न्यायमूर्ति रानडे १९०१ सालीं निवर्तले होते. म्हणजे बाई स्वतःही विधवाच. त्यांनीं स्त्रियांना ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेण्यास पाठविलें. अडचण बुद्धीची नव्हती. परक्या पुरुषाच्या अंगास हात लावावयाचा, वाटेल त्या जातीच्या रोग्याचें मलमूत्र काढावयाचें, रात्र रात्र घराबाहेर राहावयाचें. पांढरपेशा घरांतील लोकांस हें ऐकवतही नसे. म्हणून नुसता वर्ग काढून भागण्यासारखें नव्हतें. राहण्याची सोय हवी होती, आणि पाठीशीं कोणीतरी मानाचें माणूस हवें होतें.

तें माणूस रमाबाई होत्या. सेवासदनाच्या एका समारंभांतील प्रसंग त्यांच्याविषयीं नेहमीं सांगतात. परिचर्या शिकणारी एक तरुण विधवा बक्षीस घेण्यास पुढें आली. तिचा वेष पाहून श्रोत्यांतील तरुण विद्यार्थ्यांनीं तिची हेटाळणी केली. समारोपास उठलेल्या रमाबाईंनीं त्या सुशिक्षित म्हणविणाऱ्या मंडळींची चांगलीच कानउघाडणी केली. वास्तविक बाई स्वभावानें सौम्य. पण त्या दिवशीं त्यांनीं भीड ठेविली नाहीं. दुर्दैवानें गांजलेली मुलगी स्वतःच्या पायांवर उभी राहूं पाहते, आणि तुम्ही तिला हसतां? असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

माझे पाहुणे बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं चहाचा पेला खालीं ठेवला आणि विचारलें, "मास्तर, अर्ज मराठींत लिहिला तर चालतो ना?"