माळ्यावरची ऊब

चाकणचें नांव निघालें कीं महाराष्ट्रीय वाचकाला फिरंगोजी नरसाळा आठवतो. 1660 च्या जून महिन्यांत शाइस्तेखानानें चाकणच्या भुईकोटास वेढा घातला. भर पावसाळ्यांत तो 56 दिवस चालला, आणि सुरुंगानें बुरूज उडाल्यावर ऑगस्टच्या मध्यास कोट पडला. हा प्रसंग आम्ही मुलांना मोठ्या आवडीनें सांगतों. परंतु त्या 56 रात्रीं तटावर ओल्या अंगानें जागणाऱ्या पहारेकऱ्यानें अंगांतली ऊब कशी राखली असेल, हा प्रश्न आमच्या मनांत सहसा येत नाहीं. प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. पण उघड्यावर रात्र काढणाऱ्याचें दुसऱ्या दिवशींचें बळ त्याच्या उत्तरावरच अवलंबून असतें. तें उत्तर या मुलखांत शोधावयाचें तर तटावरून उतरून शेतांत जावें लागतें.

भामा, इंद्रायणी व पवना या नद्यांच्या खोऱ्यांत रब्बीची ज्वारी पौषाच्या सुमारास दाण्यावर येते. दिवसा पांखरें, आणि रात्रीं रानडुकरें व चोर यांपासून ती राखण्याकरितां शेतकरी चार मेढी रोवून त्यांवर माळा बांधीत. माळा म्हणजे अधांतरीं घातलेलें अंथरूण. वर आभाळ, चहूंकडून वारा आणि खालूनही वाराच. येथील थंडीही लहानसहान नव्हे. 17 जानेवारी 1935 रोजीं पुण्यांत पारा 1.7 अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरल्याची नोंद आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें 560 मीटर उंचीवरचा हा मुलूख हिंवाळ्यांत कोरडा असतो. निरभ्र रात्रीं जमिनीची उष्णता आभाळाकडे निघून जाते, आणि गार झालेली हवा जड होऊन खोलगटांत सांचते. त्यामुळें निवांत रात्रीं जमिनीलगतच्या हवेहून माळ्यावरची हवा किंचित् उबदारच असते. मात्र वारा सुटला कीं हा लाभ संपतो. पाठीखालून तो अंगांतली ऊब चोरून नेतो.

नवखा मनुष्य अशा वेळीं पांघरुणावर पांघरूण घेतो आणि तरीही कुडकुडतो. जाणता राखणदार आधीं खालची व्यवस्था करी. माळ्याच्या काठ्यांवर कडब्याचा जाड थर, त्यावर गोणपाट, त्यावर घोंगडी, आणि मग अंगावर घ्यावयाचें तें. यांतलें मर्म असें कीं ऊब वस्त्रांत नसते, वस्त्रानें अडवून धरलेल्या हवेंत असते. अंगाच्या भारानें खालचें मऊ पांघरूण दबलें कीं त्यांतली हवा निघून जाते, आणि तें असून नसल्यासारखें होतें. कडब्याचीं ताटें सहजासहजीं दबत नाहींत. घोंगडीची लोकर राठ म्हणून शहरांत तिला नांवें ठेवितात. पण तो राठपणाच तिचा गुण. तिचे ताठर केंस हवा धरून ठेवतात, आणि दमट झाल्यानेंही तिची ऊब सगळी जात नाहीं. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर, सनगरांचा माग आणि वर चिंचोक्यांची खळ, अशी ही घोंगडी घडत आली आहे.

शेताच्या बांधावर बाभळीला टांगलेल्या झोळींतही हेंच शास्त्र आहे. मुलाला निजविण्यापूर्वीं आई आंत जुन्या लुगड्यांची वाकळ घडी करून घालते. कारण लोंबत्या कापडाच्या एका पदरापलीकडे वाराच असतो. या झोळीची थोरली बहीण समुद्रापलीकडे राहते. 1492 सालीं कोलंबस वेस्ट इंडीज बेटांवर उतरला, तेव्हां तेथील लोक टांगलेल्या जाळीदार झोळ्यांत निजतांना त्याला दिसले. त्यांचाच ‘हमाका’ हा शब्द स्पॅनिशमधून इंग्रजींत जाऊन ‘हॅमक’ झाला. त्या उष्ण, दमट बेटांवर पाठीखालून वाहणारा वारा हेंच त्या शय्येचें सुख होतें. पुढें इंग्रजी आरमारानें तीच शय्या थंड समुद्रांवर नेली, आणि खलाशांना तींत पातळ गादी घालून निजावें लागलें. आज सह्याद्रींत झोळ्या टांगून रात्र काढणारे हौशी तरुण याहून एक पाऊल पुढें गेले आहेत. ते रजई झोळीच्या आंत न घालतां बाहेरून, तिच्या पोटाखालीं टांगतात, म्हणजे ती अंगाच्या भारानें दबत नाहीं. माळ्यावरच्या राखणदाराला ही युक्ति दाखविली असती तर त्याला तिचें फारसें नवल वाटलें नसतें.

हें सर्व सांगण्याचा हेतु जुन्या दिवसांचें कौतुक हा नव्हे. 1954 सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. 1962 मध्यें राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ निघालें. 1982 सालीं पिंपरी-चिंचवडला महानगरपालिका आली. आणि कारखान्यांची रांग थेट चाकणपर्यंत जाऊन पोंचली. ज्वारीचीं शेतें आटलीं, त्यांबरोबर माळेही गेले. राखणदार मात्र गेला नाहीं. तो आतां कारखान्यांच्या आणि आमच्या घरांच्या फाटकाशीं पत्र्याच्या खोपटांत बसतो. पायांखालीं थंड फरशी, टेकावयास लोखंडी खुर्ची. गारठा असह्य झाला कीं कोणी शेगडी आंत घेऊन दार लावून घेतो. कोंडलेल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं कीं वास नाहीं. त्यांत निजलेला मनुष्य पुष्कळदां उठतच नाहीं. ज्याची पाठ खालून झांकलेली आहे त्याला दार लावून निखारे जवळ घेण्याची गरज कमी पडते.

हिंवाळा आला कीं आमच्यापैकीं अनेक कुटुंबें पांघरुणें वाटतात. हें दान चांगलें, पण अर्धें. वरची थंडी आम्हांला दिसते. खालची दिसत नाहीं, कारण आमच्या स्वतःच्या पाठीखालीं गादी असते. यंदा एक कांबळें देतांना खालीं अंथरावयास एक जाड घोंगडीही द्यावी, आणि ती देण्यापूर्वीं फाटकावरच्या मनुष्याला एवढें विचारावें : “काका, पाळी संपल्यावर पाठ टेकतां, तेव्हां खालीं काय असतें?”