फिनेलचा वास आणि ‘कुणीही’चे काम

शिरूरचे ग्रामीण रुग्णालय असो की दौंडचे उपजिल्हा रुग्णालय, लोकांची तक्रार असते ती डॉक्टरची नाहीतर औषधांची. सफाईचा विषय निघालाच तर ‘झाडूपोछा काय, कुणीही मारेल’ म्हणून मिटतो. मग ते काम सर्वांत कमी दराच्या ठेकेदाराकडे जाणे ओघानेच आले.

या मताची एक शिकलेली बाजूही आहे. संसर्ग पसरतो तो हातांवरून, असे ती सांगते आणि साक्षीला सेमेलवाइसला उभे करते. १८४७ मध्ये व्हिएन्नात त्याने डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. खरे आहे. पण हातावर जंतू येतात कुठून? ॲसिनेटोबॅक्टरसारखा जंतू कोरड्या पृष्ठभागावर कित्येक आठवडे तग धरतो. हात धुऊन आलेल्या सिस्टरने खाटेचा कठडा धरला, सलाईनचा स्टँड सरकवला, की धुतलेले वाया. शिवाय सेमेलवाइसने हात धुवायला दिले ते क्लोरिनयुक्त चुन्याचे पाणी. मावशींच्या बादलीतले हायपोक्लोराइट त्याच कुळातले. हा साक्षीदार फिरला म्हणायचा!

फरशीपुरता मुद्दा मी सोडून देतो. तिच्यापेक्षा कठडा, नळाची तोटी, दाराची कडी यांचा धोका जास्त. तपासणीला येणारे साहेब मात्र फरशीची चकाकी बघतात आणि फिनेल हुंगतात.

आता ते ‘कुणीही’. प्रसूतिगृहात रक्त सांडले तर ओल्या फडक्याने फरकटवायचे नसते. हातमोजे घालून आधी त्यावर कागद किंवा कापड टाकायचे, वर हायपोक्लोराइटचे एक टक्क्याचे द्रावण ओतायचे, किमान दहा मिनिटे थांबायचे आणि मगच उचलायचे. कॅन पाच टक्क्यांचा असेल तर एका भागाला चार भाग पाणी, दहाचा असेल तर नऊ भाग. द्रावण रोज ताजे हवे, शिळ्यात जोर राहत नाही. त्यात संडासाचे ॲसिड मिसळले तर क्लोरिन वायू सुटतो. हे पहिल्याच दिवशी कुणाला येते?

कायद्यालाही हे काम ‘कुणीही’चे वाटत नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस द्यावी लागते. प्रशिक्षण रुजू होताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा. सुई पांढऱ्या डब्याऐवजी पिवळ्या पिशवीत टाकतो एक जण, टोचते दुसऱ्याला. आणि ठेकेदार बदलून माणसे गेली, की शिकवलेलेही त्यांच्याबरोबर जाते. तेव्हा रुग्ण कल्याण समितीने ठेकेदाराच्या दराआधी दोन कागद मागावेत: लसीकरणाची नोंद आणि प्रशिक्षणाची हजेरी.