पीअर इन्स्ट्रक्शन म्हणजे काय? एका मोबाइलवर सगळ्या वर्गाची उत्तरं कशी घ्यायची?

‘डिजिटल वर्ग’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? भिंतीवर स्मार्ट बोर्ड, त्यावर रंगीत ॲनिमेशन आणि समोर पूर्वीसारखीच गप्प बसलेली मुलं. फळा बदलला, बाकी सगळं तेच! आज ज्या पद्धतीबद्दल सांगणार आहे तिच्यात स्मार्ट बोर्ड नसला तरी चालतं. भरलेल्या वर्गात एकच मोबाइल पुरतो, तोही सरांचा किंवा मॅडमचा. आणि बराच वेळ वर्गात मुलंच बोलत असतात.

या पद्धतीचं नाव पीअर इन्स्ट्रक्शन. पीअर म्हणजे आपल्या बरोबरीचे. साध्या भाषेत सांगायचं तर शेजारच्याशी वाद घालून शिकायचं. मी शनिवार-रविवारी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो आणि ही पद्धत वापरतो, त्यामुळे उदाहरणं त्याच विषयातली येतील. पण ती बायोलॉजीपासून कोडिंगपर्यंत कुठेही चालते.

आधी हा प्रश्न सोडवून बघा

लोखंडाच्या एका पत्र्याला मधोमध गोल भोक पाडलं आहे. पत्रा भट्टीत सगळीकडून सारखा तापवला. भोकाचं काय होईल?
ए) मोठं होईल. बी) लहान होईल. सी) आहे तेवढंच राहील. डी) लांबट होईल.

पुढे वाचण्याआधी मनात एक उत्तर पक्कं करा. खरंच करा, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

माझ्या वर्गात पहिल्या फेरीला ‘बी’ला भरपूर मतं पडतात. मुलांचं लॉजिक असं की लोखंड प्रसरण पावतं, म्हणजे ते आतल्या बाजूलाही सरकणार आणि भोक बुजत जाणार. ऐकायला एकदम पटतं ना? आणि हीच मुलं प्रसरणाची गणितं सूत्रात आकडे घालून फटाफट सोडवतात! मी काहीच सांगत नाही. फक्त म्हणतो, ‘ज्याचं उत्तर वेगळं आहे असा शेजारी शोधा आणि त्याला पटवा.’ वर्गात एकच गलका होतो. एकदा गावाकडून आलेल्या एका मुलीने शेजारणीला विचारलं, ‘बैलगाडीच्या चाकाला धाव कशी बसवतात, बघितलंयस का?’ लोखंडी धाव तापवतात, ती मोठी होते, मग लाकडी चाकावर सहज चढते. वरून पाणी ओतलं की आवळून बसते. धाव म्हणजे मोठं भोक असलेलं लोखंडच की! तिथे वाद संपला. उत्तर ‘ए’. हे उदाहरण मी दिलं असतं तर मुलांनी वहीत लिहून घेतलं असतं, एवढंच.

ही पद्धत आली कुठून?

एरिक मझूर हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फिजिक्सचे प्राध्यापक. १९८४ पासून तिथे शिकवत होते, विद्यार्थीही त्यांच्यावर खूश होते. १९९० च्या सुमारास त्यांच्या वाचनात ॲरिझोनातलं एक संशोधन आलं. त्यात म्हटलं होतं की फिजिक्सचा कोर्स पूर्ण केल्यावरही बल आणि गती यांबद्दलच्या मुलांच्या जुन्या समजुती फारशा हलत नाहीत. मझूर यांना वाटलं, आपल्या मुलांचं तसं नसणार. त्यांनी तीच साध्या शब्दांतली चाचणी आपल्या वर्गाला दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मी एरवी जसा विचार करते तशी? या प्रश्नातच सगळा घोळ आला!

असाच एक प्रश्न आपल्या पद्धतीने सांगतो. एसटीची बस आणि एक स्कूटी समोरासमोर धडकली. जास्त बल कुणावर लागलं? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेली मुलंही ‘स्कूटीवर’ म्हणतात. खरं तर दोन्हीवर बल सारखंच असतं. स्कूटीचं वस्तुमान कमी, म्हणून तिची हालत वाईट होते.

पुढे एका तासाला मझूर यांनी एक मुद्दा दोनदा समजावून सांगितला, तरी वर्गाच्या डोक्यात शिरेना. शेवटी ते म्हणाले, आपापसात बोला. काही मिनिटांत वर्गाने उत्तर काढलं. यामागचं कारण मला फार पटतं. ज्याला ती गोष्ट नुकतीच समजली आहे, त्याला आपण कुठे अडखळलो होतो ते आठवत असतं. सर ते वीस वर्षांपूर्वीच विसरलेले असतात.

वर्गात नेमकं काय करतात?

थोडंसं शिकवून झालं की एक पर्यायी प्रश्न टाकायचा. मिनिट-दोन मिनिटं सगळ्यांनी एकट्याने विचार करायचा आणि मत नोंदवायचं. या टप्प्यात बोलायचं नाही, कारण आधी स्वतःचं उत्तर ठरलं नसेल तर पुढची चर्चा म्हणजे हुशार मुलाची कॉपी होते. मग मतं मोजायची. साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तर चर्चा रंगते. त्याहून कमी असतील तर मुद्दा पुन्हा शिकवायला हवा आणि खूपच जास्त असतील तर वेळ न घालवता पुढे जायचं. दोन-तीन मिनिटं चर्चा, मग पुन्हा मतदान आणि शेवटी सरांचं स्पष्टीकरण.

पहिल्या मतदानाचा निकाल मुलांना दाखवू नका, असं माझं ठाम मत आहे. पडद्यावर ‘बी’चा खांब उंच दिसला की बरीच मुलं विचार सोडून तिकडेच वळतात.

आपल्याकडेही याच्या जवळची एक पद्धत वापरून पाहिली गेली आहे. तिचं नाव थिंक-पेअर-शेअर, म्हणजे आधी एकट्याने, मग जोडीने, मग सगळ्यांसमोर. आयआयटी मुंबईत प्रोग्रामिंगच्या मोठ्या वर्गात ती वापरून २०१३ मध्ये संशोधन प्रसिद्ध झालं. अशा कामाच्या वेळी सरासरी ८३ टक्के विद्यार्थी त्यात गुंतलेले दिसले. मागच्या बाकांसह ८३ टक्के, बरं का!

‘सगळ्यांनाच येत नसेल तर?’

ही शंका पालकही विचारतात. दोघांनाही येत नसेल तर चर्चा करून काय मिळणार? २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कोलोरॅडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गावरचा अभ्यास आला. चर्चेनंतर मुलांना त्याच संकल्पनेवरचा दुसरा, नवा प्रश्न एकट्याने सोडवायला दिला होता. ज्या गटांत सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर माहीत नव्हतं, त्यांचीही सुधारणा झालेली दिसली. म्हणजे हा फक्त हुशार मुलाचा प्रभाव नाही.

त्याहून महत्त्वाचा अभ्यास २०१९ चा, पुन्हा हार्वर्डचाच. एका गटाला छान, ओघवतं लेक्चर दिलं. दुसऱ्याला तोच भाग प्रश्न आणि चर्चेतून शिकवला. चाचणीत दुसऱ्या गटाला जास्त गुण मिळाले. पण ‘आपण जास्त शिकलो’ असं वाटलं ते लेक्चर ऐकणाऱ्यांना! सीईटी किंवा नीटचं वर्ष असेल तर हे नीट लक्षात घ्या. यूट्यूबवर दुप्पट स्पीडने लेक्चर बघताना जे ‘समजलं, समजलं’ वाटतं, ते बऱ्याचदा सरांच्या बोलण्याच्या ओघाचं समाधान असतं. वाद घालताना डोकं शिणतं, आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं, आणि शिकणं तेव्हाच चालू असतं.

प्लिकर्स ॲप कसं चालतं?

हात वर करून मतं घेतली तर सगळे हुशार मुलाचा हात बघतात. म्हणून प्लिकर्स. नाव ‘पेपर क्लिकर’ यावरून आलं आहे. प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड मिळतं, ज्यावर क्यूआर कोडसारखी काळी चौकोनी आकृती असते. ती प्रत्येक कार्डावर वेगळी असते आणि कार्डाला नंबर असतो. चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी लिहिलेलं असतं. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं. सर ॲपमधून कॅमेरा वर्गावरून हळूहळू फिरवतात. आकृतीवरून ॲप विद्यार्थी ओळखतं आणि ती कुठल्या बाजूला वळली आहे त्यावरून उत्तर. अक्षरं इतकी बारीक असतात की शेजाऱ्याला तुमचं उत्तर वाचता येत नाही.

कार्डं प्लिकर्सच्या साइटवरून फुकट डाउनलोड करून झेरॉक्सच्या दुकानात छापून घेता येतात. दोन गोष्टी सांभाळा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, ट्यूबलाइटचा उजेड परावर्तित होऊन कॅमेरा गोंधळतो. आणि कार्ड कडेला धरा, काळ्या भागावर बोट आलं तर स्कॅन होत नाही.

शिक्षक तयार नसतील तर?

मग चार-पाच मित्रांनी ग्रुपवर करा. व्हॉट्सॲप पोल मला यासाठी आवडत नाही. मत देण्याआधीच इतरांचा कल दिसला की स्वतंत्र विचार संपला. टेलिग्रामवर अनामिक पोल टाका, तिथे स्वतः मत दिल्यावरच निकाल दिसतो. मात्र क्विझ मोड लावू नका, त्यात मत देताच बरोबर उत्तर कळतं आणि वादाला जागाच राहत नाही. गूगल फॉर्म्स वापरत असाल तर एका प्रश्नाचे दोन वेगळे फॉर्म करा, एक चर्चेआधी आणि एक नंतर. नॉर्वेतून आलेलं कहूत मजेशीर आहे, पण त्यात वेगाला गुण मिळतात. इथे आपल्याला घाई नकोच आहे.

खरी मेहनत प्रश्न शोधण्यात आहे. सूत्रात आकडे घालून सुटणारा प्रश्न घेऊ नका. ज्याचं चुकीचं उत्तरही शहाणपणाचं वाटतं, असा प्रश्न हवा. सुरुवातीला हे दोन घ्या. काठोकाठ भरलेल्या ग्लासात बर्फाचा खडा तरंगतोय, तो पूर्ण वितळला तर पाणी सांडेल का? आणि पायथॉनवाल्यांसाठी: आधी ‘क’ला ५ दिले, मग ‘ख’ला ‘क’ दिला, मग ‘क’ला ७ दिले. आता ‘ख’ किती? उत्तरं मुद्दाम लिहीत नाही. शेजाऱ्याला विचारा आणि त्याचं वेगळं आलं तर त्याला पटवून दाखवा.