कर्करोग-प्रतीक्षाकाल (इंग्लंड)
इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत (पहा : नॅशनल हेल्थ सर्व्हिस) कर्करोगाच्या संशयावरून शिफारस झाल्यापासून निदान व उपचार होईपर्यंतची मानकांनी बांधलेली कालमर्यादा.

१९९९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या संशयित रुग्णांना दोन आठवड्यांत तज्ज्ञ भेटावा, असा नियम झाला. २००० मध्ये तो सर्व कर्करोगांना लागू झाला आणि त्या वर्षीच्या कर्करोग योजनेने उपचारांचीही मुदत ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन आठवड्यांचे मानक रद्द होऊन तीन मानके उरली : २८ दिवसांत निदान कळवणे, उपचाराच्या निर्णयापासून ३१ दिवसांत उपचार आणि तातडीच्या शिफारशीपासून ६२ दिवसांत पहिला उपचार.

६२ दिवसांची मोजणी रुग्णालयाला शिफारसपत्र मिळाल्या दिवशी सुरू होते, त्याआधी डॉक्टरकडे घातलेल्या खेपा तीत येत नाहीत. पहिल्या उपचाराच्या दिवशी ती थांबते. शस्त्रक्रिया, किरणोपचार (पहा), औषधोपचार यांपैकी जो आधी होईल तो पहिला उपचार. ८५ टक्के रुग्णांना ६२ दिवसांत उपचार मिळावेत, हे प्रमाण २०१६ ते २०२४ या काळात कोणत्याही वर्षी राष्ट्रीय सरासरीत गाठले गेले नाही. सीटी व एमआरआय तपासण्या, ऊतिपरीक्षा (पहा : विकृतिविज्ञान) आणि मनुष्यबळ यांची टंचाई ही प्रमुख कारणे. वेल्समध्ये मोजणी संशय आल्या दिवसापासूनच होत असल्याने दोन्हीकडचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत.