पाऊस बाहेर, घाम आत : थंड व ओल्या हवेतील कामाच्या कपड्यांचा इतिहास

१. प्रश्नाची मांडणी

रेनकोट घालून सायकलने चढ चढला की एक अनुभव हमखास येतो. पावसाचा थेंबही आत शिरलेला नसतो, तरी कोट काढल्यावर सदरा पाठीला चिकटलेला आढळतो. आतले पाणी घामाचे असते. वर्गात पोचून अंग पुसता येत असेल तर ही फक्त गैरसोय आहे. पण ५ अंश सेल्सिअस तापमानात, संततधार पावसात जो माणूस आठ तास रस्ता खणतो किंवा मासेमारीच्या बोटीवर जाळे ओढतो, त्याच्यासाठी हाच प्रश्न जिवावर बेतू शकतो.

एक साधा हिशेब करू. जड काम करताना शरीरात सुमारे ४०० वॅट उष्णता निर्माण होते. त्यातली २०० वॅट उष्णता घामाच्या बाष्पीभवनाने बाहेर टाकायची आहे असे धरू. १ किलोग्रॅम घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. २०० वॅट म्हणजे तासाला ७२० किलोज्यूल. म्हणून तासाला सुमारे ३०० ग्रॅम घाम वाफ होऊन बाहेर जायला हवा. कपडा ही वाफ अडवत असेल तर ती त्याच्या थंड अस्तरावर पुन्हा पाणी होते आणि आतल्या थरांत मुरते. पाण्याची उष्णतावाहकता स्थिर हवेच्या सुमारे २४ पट असते. कपड्याची ऊब मुख्यतः त्यात अडकलेल्या हवेमुळे असते. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की ऊब नाहीशी होते. काम चालू असेपर्यंत हे जाणवत नाही. मजूर थांबला की तो गारठू लागतो.

म्हणजे या कपड्याला दोन परस्परविरोधी कामे करायची असतात : बाहेरचे पाणी अडवणे आणि आतले पाणी जाऊ देणे. पहिल्या कामाचे औद्योगिक उत्तर १८२३ मध्ये मिळाले. दुसरे काम नीट समजून घ्यायला आणखी शंभराहून अधिक वर्षे गेली. असे का झाले, हे या टिपणात पाहायचे आहे.

२. कारखान्यांपूर्वीचे उपाय

अलास्का आणि कामचटका यांच्या दरम्यान अल्यूशन बेटांची साखळी आहे. तेथील हवा वर्षभर थंड, वादळी आणि ओली असते. या बेटांवरील उनांगन लोक कातड्याच्या अरुंद होड्यांतून सीलची शिकार करत. त्यासाठी ते ‘कामलेइका’ नावाचा अंगरखा वापरत. समुद्री सस्तन प्राण्यांची आतडी धुऊन, फुगवून, वाळवून त्यांच्या पट्ट्या केल्या जात आणि स्नायुतंतूंच्या दोऱ्याने त्या जोडल्या जात. हा अंगरखा वजनाला अगदी हलका असे. लाटांचे पाणी आत येत नसे, आतली वाफ मात्र काही प्रमाणात बाहेर जाई. शिवणीतला दोरा ओला झाला की फुगून सुईची भोके बुजवी. कपडा ओला झाल्यावरच अधिक घट्ट होतो, ही कल्पना ध्यानात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

आपल्याकडचे उपाय वेगळ्या हवामानासाठी घडले. कोकणात भातलावणीच्या वेळी वापरले जाणारे इरले आणि मेघालयातील खासी शेतकऱ्यांचे क्नुप ही बांबू व पानांची आच्छादने डोके आणि पाठ झाकतात. दोन्ही हात मोकळे राहतात आणि पुढची व खालची बाजू उघडी असते. वाकून काम करणाऱ्याच्या पाठीवर पाऊस पडतो, म्हणून झाकायची ती पाठच. वारा खेळता राहिल्याने घाम साचत नाही. ही रचना उबदार पावसासाठी आहे, कडाक्याच्या थंडीत ती पुरणार नाही. पण काम करताना शरीर कसे असते, याचा विचार तिच्यात पहिल्यापासून आहे.

३. मॅकिन्टॉशचे कापड, १८२३

ग्लासगोचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स मॅकिन्टॉश यांना गॅस कारखान्यांच्या टाकाऊ डांबराचा उपयोग शोधायचा होता. त्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थात रबर विरघळते. हे द्रावण दोन कापडांमध्ये लावून ती एकमेकांवर दाबली, तर मध्ये रबराचा अखंड थर तयार होतो. याचे पेटंट त्यांनी १८२३ मध्ये घेतले आणि मँचेस्टरमध्ये कारखाना उभा राहिला. त्यांचे नावच पुढे इंग्रजीत रेनकोटाला रूढ झाले.

सुरुवातीचे हे कोट थंडीत कडक, उन्हात चिकट होत आणि त्यांना उग्र वास येई. रबर गंधकाबरोबर तापवण्याची व्हल्कनीकरणाची प्रक्रिया अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी विकसित केली. १८४० च्या दशकात तिची पेटंटे निघाली आणि कडकपणा व चिकटपणा आटोक्यात आला. मूळ दोष मात्र तसाच राहिला. रबराचा अखंड थर पावसाला जितका अभेद्य, तितकाच वाफेलाही. घोडागाडीत बसलेल्या प्रवाशाला हे चालून जाई, कारण त्याचे शरीर फारशी उष्णता निर्माण करत नव्हते. चालणारा किंवा राबणारा माणूस आतून भिजत असे. पुढे अशा कोटांना काखेखाली धातूच्या कड्यांची लहान छिद्रे ठेवण्याची पद्धत पडली. इतकी थोडी छिद्रे श्रम करणाऱ्या शरीराला पुरणारी नव्हती.

४. तेल लावलेले तागाचे कापड आणि गॅबर्डीन

नॉर्वेतील मॉस गावचे जहाज-कप्तान हेली युएल हान्सेन यांनी १८७७ मध्ये जवसाचे तेल मुरवलेल्या कापडाचे कपडे बनवून विकायला सुरुवात केली. खलाशी आधीपासून असे कपडे घरी करत. हान्सेन यांनी त्याचे उत्पादन सुरू केले. लाटांच्या माऱ्यात हे कपडे उपयोगी होते, पण तेलाचा थरही वाफ अडवणाराच. त्यामुळे खलाशी आत लोकरीचे जाड कपडे घालत. लोकर ओली झाल्यावरही काही ऊब राखते, ही गोष्ट घोंगडी पांघरून पावसात मेंढ्या राखणाऱ्या धनगरांनाही ठाऊक होती.

इंग्लंडमधील बेसिंगस्टोकचे कापडविक्रेते थॉमस बर्बेरी यांनी दुसरी वाट धरली. विणलेल्या कापडावर थर देण्याऐवजी त्यांनी विणण्यापूर्वी सुतावरच जलरोधक प्रक्रिया केली आणि त्याचे तिरप्या विणीचे दाट कापड विणले. धाग्यांमधून हवा जाऊ शकत होती आणि पाण्याचा थेंब बराच वेळ वरच्या वर घरंगळे. हे गॅबर्डीन १८७९ मध्ये तयार झाले व १८८८ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांत आणि १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ते वापरले गेले. मुसळधार पावसात ते शेवटी झिरपत असे, पण अभेद्यतेत थोडी कमी पत्करून वाफेला वाट देता येते, हे त्याने दाखवले.

५. युद्धकाळ : कापड आणि मोजमाप

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनहून सोव्हिएत रशियाच्या उत्तरेकडील बंदरांकडे जहाजांचे ताफे जात. काही मालवाहू जहाजांवर यंत्राच्या साहाय्याने झेपावणारे एकेक लढाऊ विमान असे. ते जहाजावर परत उतरू शकत नसे. किनारा जवळ नसेल तर वैमानिकाला शेवटी थंड समुद्रातच उडी घ्यावी लागे. गोठणबिंदूजवळच्या पाण्यात माणूस अल्पकाळात निकामी होतो. रबरी पोशाख पाणी अडवू शकला असता, पण तो घालून तासन् तास वाट पाहणारा वैमानिक घामाने भिजला असता आणि त्याच्या आतल्या थरांची ऊब आधीच गेली असती.

मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी यावर जे कापड तयार केले ते ‘व्हेन्टाइल’ नावाने ओळखले जाते. त्यात रबर नव्हते, तेलही नव्हते. लांब धाग्याच्या उत्तम कापसाचे सूत अतिशय दाट विणले होते. कोरडे असताना त्यातून वाफ जाते. पाणी लागले की कापसाचे तंतू फुगतात आणि धाग्यांमधील फटी जवळजवळ बंद होतात. उनांगनांच्या शिवणीतले तत्त्व येथे संपूर्ण कापडभर लागू झाले. दोन समाजांचा एकमेकांशी संबंध नव्हता. दोघांपुढचा प्रश्न मात्र एकच होता.

याच काळात दुसरा, कमी दिसणारा बदल घडला. १९४१ मध्ये गॅगी, बर्टन आणि बॅझेट या संशोधकांनी कपड्याची ऊब मोजण्यासाठी ‘क्लो’ हे एकक सुचवले. १ क्लो म्हणजे ०.१५५ चौरस मीटर केल्विन प्रति वॅट. तापवता येणारे तांब्याचे मानवाकृती पुतळे वापरून संपूर्ण पोशाखाची चाचणी होऊ लागली. १९६२ मध्ये ॲलन वुडकॉक यांनी वाफेच्या पारगम्यतेचा निर्देशांक मांडला : शून्य म्हणजे वाफ मुळीच न सोडणारा पोशाख. ‘आत कोंडल्यासारखे होते’ ही मजुराची किंवा सैनिकाची तक्रार आता आकड्यात मांडता येऊ लागली. तक्रार करणारा दुबळा आहे असे म्हणून ती टाळणे त्यामुळे अवघड झाले.

६. मार्च १९६४ : एक दुर्घटना

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात ‘फोर इन्स’ नावाची लांब पल्ल्याची पदयात्रा होते. मार्च १९६४ मध्ये थंड पाऊस आणि वाऱ्यात तिच्यातील तीन तरुण स्काउट गारठून मरण पावले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी अशा मृत्यूंचा अभ्यास हाती घेतला आणि त्याचे निष्कर्ष १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. ओलावा, वारा आणि हालचाल एकत्र आली की कपड्याच्या मूळ उष्णतारोधनाचा अगदी थोडा अंश उरतो. माणूस जोरात चालतो तोवर त्याचे शरीर ही तूट भरून काढते. तो दमला की उष्णतेचे उत्पादन घटते आणि तूट भरून निघत नाही. तापमान गोठणबिंदूच्या वर असतानाही, ओल्या कपड्यांत, सुदृढ तरुण असा मरू शकतो.

७. सूक्ष्मछिद्री पडदा आणि त्याची मर्यादा

१९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोअर यांनी तापवलेला टेफ्लॉनचा तुकडा झटक्यात ताणला आणि त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण झाली. द्रवरूप पाणी या छिद्रांतून जात नाही, वाफ जाते. १९७६ पासून या पडद्याचे कापड ‘गोअर-टेक्स’ नावाने बाजारात आले. जुना प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले.

पण पडद्यातून वाफ जाते ती आतल्या व बाहेरच्या बाष्पदाबांतील फरकामुळे. बाहेरचे कापड पावसाने पूर्ण भिजले की त्यावर पाण्याचा थर बसतो आणि वाट अरुंद होते. शिवाय थंड हवेत कपड्याचे अस्तर थंड असते. वाफ पडद्यातून पार होण्याआधीच तेथे तिचे पाणी होते. जड कामाच्या वेळी घाम तयार होण्याचा वेग पडद्याच्या क्षमतेहून अधिक असू शकतो. म्हणूनच उत्तम पडद्याच्या कोटांनाही काखेत उघडझाप करता येणाऱ्या लांब चेन, पाठीवर झाकलेली फट, कमरेला आणि मनगटाला सैल-घट्ट होणाऱ्या पट्ट्या द्याव्या लागल्या.

येथे विद्यार्थी एक शंका काढतात : बाहेर पाऊस आहे, हवेची सापेक्ष आर्द्रता १०० टक्के आहे; मग तीच ओली हवा आत घेऊन अंग कसे वाळणार? उत्तर तापमानात आहे. ५ अंशांची संपृक्त हवा घनमीटरमागे सुमारे ७ ग्रॅम बाष्प धरते, तर ३० अंशांची सुमारे ३० ग्रॅम. बाहेरची थंड हवा कपड्याच्या आत येऊन तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता वाढते. ती पूर्ण संपृक्त होऊन बाहेर पडली तर घनमीटरमागे सुमारे २३ ग्रॅम पाणी घेऊन जाते. उबदार हवा वर चढते, म्हणून खालून आत आणि मानेपाशी बाहेर अशी वाट ठेवली तर प्रवाह आपोआप सुरू होतो. चालण्याची आणि हात हलवण्याची क्रिया त्याला पंपासारखी मदत करते. मात्र ही हवा उष्णताही नेते. म्हणून काम चालू असताना वाट उघडी आणि विश्रांतीत बंद, असे नियंत्रण हातमोजे न काढता करता आले पाहिजे.

युरोपातील पावसाळी संरक्षक कपड्यांच्या ‘ईएन ३४३’ या मानकातही ही समज दिसते. त्यात पाणी अडवण्याचा आणि वाफेला होणाऱ्या विरोधाचा दर्जा वेगवेगळा नोंदवला जातो. वाफेच्या बाबतीत सर्वांत खालच्या दर्जाचा कपडा सलग किती वेळ घालावा यासाठी तापमानानुसार मर्यादा सुचवलेल्या आहेत. कामगाराचे शरीर आता मानकाच्या कागदावर आले आहे.

८. समारोप

या इतिहासातून एक क्रम स्पष्ट दिसतो. जेथे वापरणारा आणि बनवणारा एकच होता, तेथे घामाचा विचार सुरुवातीपासून झाला. जेथे कारखाना आणि कामगार वेगळे झाले, तेथे आधी पावसाचा विचार झाला, कारण दुकानात कोटावर पाणी ओतून दाखवता येते, घाम दाखवता येत नाही. मोजमापाची साधने आल्यावर आणि माणसे दगावल्यावर दुसऱ्या बाजूकडे लक्ष गेले.

भारतात हा प्रश्न जुना झालेला नाही. हिमालयातील सैनिकांच्या खास कपड्यांसाठी देश दीर्घकाळ आयातीवर अवलंबून राहिला. रोहतांग किंवा झोजी ला येथील ओल्या बर्फात रस्ते मोकळे करणाऱ्या आणि दार्जिलिंगच्या पावसात चहा खुडणाऱ्या कामगारांच्या गरजेचा विचार त्याहूनही कमी झाला. अंगाभोवती गुंडाळलेला प्लॅस्टिकचा कागद हा २०० वर्षांपूर्वीच्या मॅकिन्टॉशचाच स्वस्त भाऊ आहे. त्याहून बरा कपडा महाग पडद्याशिवायही होऊ शकतो : दाट सुती किंवा मिश्र कापड, पाठीवर व खांद्यांवर अभेद्य थर, काखेत झाकलेली वाट, कमरेला सैल घेर आणि आत ओलावा न धरणारा थर. त्याची रचना ठरवताना पहिला प्रश्न ‘पाऊस किती?’ हा नसावा. ‘हा माणूस दिवसभर काय काम करतो, किती वेळ वाकतो आणि कधी थांबतो?’ येथून सुरुवात करावी.

विचारासाठी प्रश्न

१. तासाला ३०० ग्रॅम घाम केवळ हवेच्या प्रवाहाने बाहेर न्यायचा असेल, तर वरील आकड्यांनुसार तासाला किती घनमीटर हवा लागेल? ती हवा तापवण्यासाठी शरीराची किती उष्णता खर्च होईल?

२. आपल्या परिसरात पावसात काम करणारा एक व्यवसाय निवडा. त्या कामगारांचे शरीर कोणत्या स्थितीत किती वेळ असते याची नोंद करा आणि हवेची वाट कोठे ठेवाल ते रेखाटा.

३. व्हेन्टाइल आणि सूक्ष्मछिद्री पडदा यांची तुलना वाफ, वजन, किंमत आणि दुरुस्ती या चार निकषांवर करा.