ऑर्किड झाडावरून कुंडीत कसं आलं?

आज बोलूया ऑफिसच्या रिसेप्शनवर दिसणाऱ्या मॉथ ऑर्किडबद्दल. शास्त्रीय नाव फॅलेनॉप्सिस, म्हणजे पतंगासारखं दिसणारं. आकाशातला नाही, दिव्याभोवती फिरणारा पतंग! १८२५ मध्ये कार्ल ब्लूमने हे नाव दिलं.

हे मूळचं आग्नेय आशियातल्या जंगलांतलं. तिथे ते मातीत नाही, झाडाच्या सालीला धरून वाढतं. मुळं उघडीच. पावसात भिजतात, वाऱ्यावर सुकतात.

इंग्लंडमधल्या श्रीमंतांना हे कळायला वेळ लागला. उष्ण देशातली ऑर्किडं, म्हणून त्यांनी ती बंद काचघरात वाफेत कोंडली. ती मेली की जंगलातून नवी मागवायची! १८३५ मध्ये ड्यूक ऑफ डेव्हनशायरने जॉन गिब्सन या माळ्याला भारतात पाठवलं. त्याने खासी टेकड्यांतून ऑर्किडं नेली. पण त्याच ड्यूकच्या चॅट्सवर्थच्या बागेत जोसेफ पॅक्स्टनने काचघरात हवा खेळती ठेवली, आणि रोपं जगू लागली.

तरी बियांपासून रोपं होईनात. बी धुळीएवढं, आत शिदोरीच नाही. १८९९ मध्ये फ्रान्सच्या नोएल बर्नारने शोधलं, की रुजताना बियाला एक बुरशी अन्न पुरवते. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने बुरशीऐवजी साखर घातलेल्या अगारवर बी रुजवलं. तेव्हापासून बाटलीत हजारो रोपं करता येतात, जंगल ओरबाडायची गरज नाही.

मी कोडिंगवाला, त्यामुळे मला यात एकच गोष्ट दिसते: आधी रिक्वायरमेंट समजून घ्या. आमच्या दातिवऱ्यात खाडीचा दमटपणा फुकट मिळतो, नारळाची सोडणंही. मग माती नको. सोडणांचे तुकडे आणि कोळसा, भोकांची कुंडी, सकाळचं कोवळं ऊन. मुळं हिरवी असतील तर थांबा, रुपेरी झाली की पाणी द्या. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका. विहीर मचूळ असेल तर पावसाचं पाणी साठवा. थंडीतल्या गार रात्री कळीचा दांडा काढायला मदत करतात.

आणि एक. सह्याद्रीतही झाडांवर आमरी वाढते. पावसाळ्याच्या तोंडाला फुलणारी सीतेची वेणी त्यातलीच. अनेकजण तिला बांडगूळ समजून उपटतात. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. आमरी फक्त आधार घेते. ट्रेकला दिसली तर फोटो काढा, घरी आणू नका. घरासाठी बाटलीतली रोपं आहेत की!

भेटू पुढच्या भागात.