अपूर्णांकांच्या तुलनेची मराठी शब्दसंपदा

अपूर्णांकांच्या तुलनेची शब्दसंपदा म्हणजे दोन किंवा अधिक अपूर्णांकांपैकी लहान, मोठा किंवा समान कोणता हे सांगण्यासाठी वापरले जाणारे शब्द व वाक्यरचना. प्राथमिक शिक्षणात मराठी मुलांना या शब्दांचे दोन संच शिकावे लागतात. पहिला संच घर, बाजार व शेती यांतून आलेला असतो (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच). दुसरा पाठ्यपुस्तकातील संस्कृतनिष्ठ संच आहे (अंश, छेद, चतुर्थांश, समच्छेद, सममूल्य). या दोहोंचा सांधा जुळवणे हा अपूर्णांकांच्या अध्यापनातील महत्त्वाचा भाग मानला जातो.

व्यवहारातील शब्द

मराठीत चौथाईच्या पटीतील अपूर्णांकांना स्वतंत्र नावे आहेत. 'पाव' हा शब्द संस्कृत 'पाद' यापासून, 'पाऊण' हा 'पादोन' (पावाने कमी) यापासून, 'सव्वा' हा 'सपाद' (पावासह) यापासून, तर 'साडे' हा 'सार्ध' (अर्ध्यासह) यापासून आला आहे. 'अडीच' या शब्दाच्या मुळाशी 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा, अशी कल्पना आहे. साडेतीनसाठी 'औट' हा जुना शब्द आहे.

या नावांतच तुलना दडलेली आहे. सव्वादोन दोनपेक्षा पावाने अधिक, तर पावणेदोन दोनपेक्षा पावाने उणे. लहान मूल 'पावणेदोन' ऐकून ती संख्या दोनहून मोठी समजू शकते, कारण शब्दात 'दोन' स्पष्ट ऐकू येतो आणि 'उणे' ऐकू येत नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती' (इ.स. ११५०) या ग्रंथात भाग मिळवण्याच्या प्रकारास भागानुबंध व वजा करण्याच्या प्रकारास भागापवाह म्हटले आहे. सव्वा आणि पावणे ही या दोन प्रकारांची रोजच्या बोलण्यातील रूपे होत.

हेच शब्द एककाप्रमाणे निरनिराळे मूल्य दाखवतात. पाऊण म्हणजे ३/४, पण पाऊणशे म्हणजे ७५. दीडशे म्हणजे १५० आणि सव्वाशे म्हणजे १२५. अपूर्णांक नेहमी 'कशाचा तरी' भाग असतो, हे यातून दाखवता येते.

पाढे, नाणी व मापे

जुन्या शाळांत पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. दिडकीत दहाचे पंधरा होतात, तर पाऊणकीत दहाचे साडेसात. सोळा आण्यांच्या रुपयात पावली चार आण्यांची व अधेली आठ आण्यांची असे. शेराचा आठवा हिस्सा नवटाक व सोळावा छटाक होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि १९५६ च्या वजनमाप कायद्यानंतर किलो व लीटर रूढ झाले. त्यामुळे या पाढ्यांची व्यवहारातील गरज कमी झाली. २५ पैशांचे नाणेही ३० जून २०११ पासून चलनात राहिले नाही. 'पाव किलो' आणि 'दीड लीटर' हे प्रयोग मात्र टिकून आहेत.

शालेय परिभाषा

३/४ हा अपूर्णांक 'तीन छेद चार', 'तीन चतुर्थांश' किंवा 'चारांपैकी तीन' असा वाचला जातो. शेवटच्या वाचनात एकूण भाग आधी येतात, त्यामुळे अर्थ लवकर उमगतो. 'चौथा' शब्द ओळखणाऱ्या मुलाला 'चतुर्थांश' नवा असतो, म्हणून 'चौथा भाग' ही मधली पायरी उपयोगी पडते. १/३ किंवा १/५ यांसाठी पाव-पाऊणसारखी नावे सर्रास वापरात नसल्याने तेथे परिभाषेवाचून गत्यंतर नसते.

मराठीत तुलनेसाठी विशेषणाचे रूप बदलत नाही. 'पेक्षा' किंवा 'हून' जोडून काम भागते, जसे 'पाऊण हा अर्ध्यापेक्षा मोठा'. 'पाव पट' आणि 'पाव पटीने जास्त' यांतील भेद मात्र शिकवावा लागतो. १०० ची पाव पट २५, तर १०० पेक्षा पाव पटीने जास्त म्हणजे १२५.

तुलनेचे नियम आणि त्यांची भाषा

- छेद समान असल्यास ज्याचा अंश मोठा तो अपूर्णांक मोठा : ५/८ > ३/८.
- अंश समान असल्यास ज्याचा छेद मोठा तो अपूर्णांक लहान : १/८ < १/४. आठ चारांहून मोठा असल्याने मुले येथे हमखास चुकतात. 'वाटेकरी वाढले की वाटा घटतो' हे वाक्य नियमापेक्षा अधिक लक्षात राहते.
- दोन्ही भिन्न असल्यास समच्छेद करावा लागतो : २/३ = ८/१२ आणि ३/४ = ९/१२, म्हणून ३/४ मोठा.
- अर्ध्याशी तुलना करूनही निर्णय होतो : ३/८ अर्ध्याहून कमी व ५/९ अर्ध्याहून जास्त.

भंडारा जिल्ह्यातील संदर्भ

धानशेती हा भंडारा जिल्ह्यातील प्रमुख व्यवसाय असल्याने बांधी हे मुलांच्या परिचयाचे उदाहरण आहे. एका बांधीची पाऊण रोवणी झाली आणि दुसरीची अर्धी झाली, तर अधिक जमिनीत रोवणी कोठे झाली? दोन्ही बांध्या सारख्या असल्या, तरच 'पहिलीत' हे उत्तर निश्चित देता येते. तुलनेसाठी पूर्ण समान असावे लागते, ही अट पुस्तकातील वर्तुळांपेक्षा या प्रश्नातून ठळकपणे समजते.

जिल्ह्यात मराठीची झाडीबोली बोलली जाते. मध्य प्रदेशच्या सीमेकडील भागात हिंदी व पोवारीही कानावर पडतात. त्यामुळे 'दीड' बरोबर 'डेढ', 'अडीच' बरोबर 'ढाई' आणि 'पाऊण' बरोबर 'पौन' हे शब्दही वर्गात येऊ शकतात. घरचा शब्द चुकीचा न ठरवता त्यापुढे १ १/२, २ १/२, ३/४ ही चिन्हे लिहिल्यास मुलाची आधीची जाण वाया जात नाही. बाजारातून पाव किलो मीठ आणणारे मूल वर्गात १/४ पाहून गोंधळते, ते बहुतेकदा ही दोन्ही एकच आहेत असे त्याला कोणी सांगितलेले नसते म्हणून.

हेसुद्धा पाहा

अपूर्णांक, लीलावती, झाडीबोली, भंडारा जिल्हा